डीएलपीचे ८ महिने: मराठी अंक दिसत नसतील तर पैसे कशाचे?

सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक ईमेलने किंवा पेनड्राइव्हवरून बाहेर जाऊ नयेत, एवढ्याचसाठी आमच्या पतसंस्थेने हे डीएलपी (डेटा लॉस प्रिव्हेन्शन, म्हणजे गोपनीय माहिती बाहेर जाताना अडवणारे) सॉफ्टवेअर घेतले. पंख्याच्या दुरुस्तीलाही तीन कोटेशने मागणाऱ्या संचालक मंडळाने मंजुरी दिली, ती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातील २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद वाचून. दोन महिन्यांनी मी एक कडवट अभिप्राय लिहिला होता. त्यातला अर्धा आज मागे घेतो.

तेव्हाचा राग खोट्या इशाऱ्यांवर होता. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी, यूपीआयचा व्यवहार क्रमांकही १२ अंकी, आणि या सॉफ्टवेअरला ते सगळेच आधार वाटत. मार्चअखेरीस लेखापरीक्षकांना पाठवायची यादी तीनदा अडली, तेव्हा सेवा प्रतिनिधीशी वाद घालताना कळले की आधारचा शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून व्हेरहोफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला असतो आणि नेमकी तीच पडताळणी आमच्याकडे बंद होती. ती सुरू करून ० आणि १ ने सुरू होणारे क्रमांक वगळताच इशारे झपाट्याने घटले. तरीही दहातला एखादा भलताच आकडा योगायोगाने या चाचणीत उत्तीर्ण होऊन आधार ठरतोच, म्हणून ‘आधार’ हा शब्द जवळपास असण्याची अट घातली. आता ‘ठरावाच्या आधारे’ असे लिहिलेली पत्रे मधूनच अडकतात, पण ते सोसता येते. पॅनचा साचाच वेगळा असल्यामुळे त्याचा त्रास झाला नाही.

माझे समाधान जूनपर्यंत टिकले. कर्ज विभागाने जामीनदारांची मराठीत टंकलेली यादी बाहेर पाठवली, त्यात आधार क्रमांक देवनागरी अंकांत होते, आणि सॉफ्टवेअरने हूं की चूं केले नाही. मूळ नियम फक्त इंग्रजी अंकांसाठी लिहिलेला आहे. देवनागरी अंकांचा वेगळा नियम मी स्वतः तयार केला, परंतु आपण बनवलेल्या नियमाला व्हेरहोफ पडताळणी जोडता येत नाही, त्यामुळे खोटे इशारे पुन्हा सुरू झाले. महाराष्ट्रातल्या संस्थेला विकलेल्या वस्तूत ही उणीव असावी, आणि तक्रारीवर ‘ही त्रुटी नव्हे, नव्या सुविधेची मागणी आहे’ असे उत्तर यावे, हे मला पटत नाही. स्कॅन केलेल्या आधारपत्रांवरील क्रमांक वाचण्याचे शुल्क तर वेगळेच आकारतात.

तूर्त, देवनागरी अंक इंग्रजीत बदलल्याशिवाय कोणतीही यादी बाहेर पाठवू नये, असे परिपत्रक आम्ही काढले आहे. नूतनीकरणाचे बिल टेबलावर आले आहे. सही केलेली नाही.