ओझर–अहमदाबाद विमानसेवा : सामान तोला, माणूस नको

नाशिकहून अहमदाबादला जायचे तर सापुताऱ्याचा घाट ओलांडून सुरतमार्गे रात्रभर बसमध्ये अंग आंबवून घ्यावे, किंवा ओझरच्या विमानतळावर जाऊन विमानाने सव्वा-दीड तासात उतरावे. भाडे परवडत असेल तर या दुसऱ्या मार्गाला तोड नाही. २०१४ मध्ये उभे राहिलेले ओझरचे टर्मिनल लहान, स्वच्छ आणि बिनगर्दीचे आहे. मुंबईच्या विमानतळावर नुसते चालण्यात जितका वेळ जातो, तितक्यात येथे सुरक्षातपासणीही आटोपते. शहरापासून ते सुमारे २० किलोमीटरवर असल्याने परतीच्या टॅक्सीचे भाडे आधीच ठरवून घेतलेले बरे. कर्मचारी सौजन्याने वागतात आणि उड्डाण वेळेवर झाले, हेही नमूद केले पाहिजे.

तक्रार आहे ती जादा सामानाच्या दराबद्दल. बहिणीसाठी घेतलेल्या येवल्याच्या साड्या, बेदाणे आणि चिवडा यांनी माझी बॅग १८ किलोंवर नेली. मर्यादा १५ किलोंची असल्यामुळे प्रत्येक जादा किलोसाठी पाचशे रुपयांहून अधिक रक्कम मोजावी लागली. मागे उभे असलेले एक गृहस्थ पोटावरून हात फिरवीत म्हणाले, "ताई, तुम्ही तीन किलोंचे पैसे भरताय, माझ्याकडे वीस किलो जादा आहेत, पण ते कोणी काट्यावर ठेवत नाही." काउंटरवरची मुलगीसुद्धा हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण प्रवाशाच्या वजनानुसार भाडे आकारण्याचा प्रयोग खरोखर झालेला आहे. प्रशांत महासागरातील सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१२-१३ च्या सुमारास प्रवासी आणि त्याचे सामान एकत्र तोलून किलोमागे भाडे घेण्यास सुरुवात केली होती. तिची विमाने मोजक्या आसनांची होती, आणि अशा विमानात एका माणसाचे वजन वैमानिकाच्या हिशेबात ठळकपणे उतरते.

ओझरहून मी गेले ते ७८ आसनांचे, पंख्यांवर चालणारे एटीआर जातीचे विमान होते. उड्डाणाच्या वेळी त्याचे कमाल वजन २३ टनांच्या आसपास असते. त्या गृहस्थांचे जादा वीस किलो म्हणजे त्यातला हजारावा भागही नव्हे. असे विमान तासाला साधारण सहाशे-सातशे किलो इंधन जाळते, असे धरले आणि इंधनाचा खर्च सरळ वजनाच्या प्रमाणात वाढतो असे मानले, तरी त्या वीस किलोंपायी एका फेरीत किलोभर इंधनही जास्त लागणार नाही. त्याची किंमत शंभर-सव्वाशे रुपयांच्या पुढे जात नाही. मग माझ्या तीन किलोंना दीड हजारांहून अधिक मोल कसे आले? याचे उत्तर इंधनात नाही, ते धंद्यात आहे. २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ ते २० किलोंच्या टप्प्यासाठी किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती, परंतु पुढल्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि दर पुन्हा कंपन्यांच्या मर्जीवर गेले.

यावरून माणसालाही तोलून भाडे आकारावे, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. आपण भाडे भरतो ते आसनाचे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या बारा-तेरा किलोंच्या बाळालाही बहुतेक कंपन्या पूर्ण भाडे लावतात, कारण ते एक आसन अडवते. बॅगेतले बेदाणे मी घरी ठेवू शकले असते. गुडघे दुखतात म्हणून चालणे सुटलेल्या किंवा सात महिन्यांच्या गरोदर बाईने घरी काय ठेवून यावे? एसटीतही सगळ्यांना एकच भाडे नाही, हे खरे. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. पण तेथे कोणाच्या तरी अडचणीसाठी भाडे उतरवले जाते, कोणाच्या शरीरासाठी चढवले जात नाही. कॅनडातील परिवहन प्राधिकरणाने तर २००८ मध्ये असा निर्णय दिला की, अतिस्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्या प्रवाशाला देशांतर्गत प्रवासात दुसरे आसन लागले, तरी त्याच्याकडून एकच भाडे घ्यावे.

तोलणे आणि पैसे घेणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि पहिलीला माझी हरकत नाही. आपल्या नियमांत प्रौढ प्रवाशाचे वजन हातातील सामानासह सरासरी ७५ किलो धरण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. ही सरासरी चुकली, तर लहान विमानात ती जिवावर बेतू शकते. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे बीचक्राफ्ट १९००डी जातीचे विमान उड्डाण करताच कोसळून २१ जण मृत्युमुखी पडले. शेपटाकडील नियंत्रणाच्या तारेची चुकीची जुळणी हे एक कारण होतेच. प्रवाशांचे वजन प्रत्यक्षाहून कमी धरल्यामुळे भार मागे सरकला होता, हे दुसरे. त्यानंतर तेथे सरासरी वजने वाढवण्यात आली. याच जातीचे विमान डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली नाशिक–मुंबई मार्गावर आणले होते, त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. फिनलंडच्या फिनएअर कंपनीने २०२४ मध्ये हेलसिंकी येथे प्रवाशांना स्वेच्छेने आणि नाव न नोंदवता तोलले. तसे ओझरला कोणी करू म्हटले, तर मी काट्यावर उभी राहीन.

भाराचा हा हिशेब माझ्या प्रवासातही दिसला. विमान अर्धेच भरलेले होते, तेव्हा हवाई सुंदरीने शेवटच्या रांगांतील दोघातिघांना उड्डाणापुरते पुढे बसण्याची विनंती केली. एक आजोबा "मी खिडकीचे पैसे भरलेत" म्हणून अडून बसले. विमानाचा पुढचा-मागचा तोल ठरलेल्या मर्यादेत राहावा म्हणून ही हलवाहलव आहे, एवढे एक वाक्य तिने सांगितले असते, तर ते निमूट उठले असते. तिने नुसते "नियम आहे" म्हटले. सेवेतली ही उणीव बिनपैशाची भरून निघण्यासारखी आहे.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी बॅग घरीच काट्यावर ठेवून पाहावी आणि जादा वजन लागणारच असेल, तर ते तिकिटासोबत आधी विकत घ्यावे. काउंटरवरचा दर त्याहून चढा असतो. एटीआरमध्ये चढण्या-उतरण्याचा दरवाजा मागे असतो, म्हणून लवकर उतरू इच्छिणाऱ्याने मागची आसने मागावीत. पाचपैकी साडेतीन गुण देते. दीड गुण कापला आहे तो बहुतांशी त्या तीन किलोंपायी.