पहिली स्वतःची ट्विन टिप : नव्वदची घ्यावी की शंभरच्या वरची?

स्कीइंगचा कोर्स झालाय, स्नोप्लाव (स्कीची पुढची टोकं आत जुळवून घसरणं) सुटलाय, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) बऱ्यापैकी जमतात आणि भाड्याच्या झिजलेल्या स्कीचा आता कंटाळा आलाय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. वरूड-मोर्शीकडच्या आम्हा दोघातिघांचं वेड बघून हल्ली अमरावती-यवतमाळकडूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "भाऊ, वळायला सोपी अशी ट्विन टिप सांगा नं एखादी." एक नाव सांगून मोकळं होता येतं, पण त्याने काम भागत नाही. ट्विन टिप म्हणजे पुढून-मागून दोन्ही टोकं वर वळलेली स्की; तिच्यात पायाखालच्या रुंदीवरून दोन स्वभाव आहेत, नव्वद मिलिमीटरच्या आसपासचा आणि शंभरच्या वरचा, आणि आपल्यासारख्याने कोणता निवडावा याबद्दल माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे.

आधी आपली अडचण लक्षात घ्या. आंबिया बहार उतरलेला, मृगाचा संत्रा झाडावर, तूर घरी आलेली, अशी जी फट जानेवारी-फेब्रुवारीत सापडते, तेवढीच आपली सुट्टी. नागपूरहून गाडी, पुढे जम्मू, मग श्रीनगर आणि गुलमर्ग. औलीला जायचं तर दिल्ली-ऋषिकेशवरून. एवढं करून बर्फावरचे दिवस हातात मोजके. दरवर्षी पहिला दिवस तर मागच्या वर्षी येत होतं ते आठवण्यातच जातो. म्हणून स्की अशी हवी की जिची ओळख करून घेण्यात पुन्हा दोन दिवस जाऊ नयेत.

ट्विन टिपच का, हे थोडक्यात सांगतो. साध्या कडक स्कीची मागची बाजू, म्हणजे टेल, सपाट असते आणि टर्न संपत आला तरी एज (स्कीच्या कडेची धातूची धार) सोडत नाही. पाय मुरलेल्या माणसाला तेच हवं असतं. आपलं वजन वेळेवर दुसऱ्या पायावर गेलं नाही, की ती स्की तिरकीच धावत राहते आणि आपण उताराच्या कडेला, जिथे जायचं नव्हतं तिथे पोचतो. ट्विन टिपची टेल वर वळलेली असते, त्यामुळे टर्नच्या शेवटी ती सहज सुटते. सालोमन कंपनीने १९९८ मध्ये टेनएटी ही ट्विन टिप काढली तेव्हा हेतू वेगळा होता. पोरांना उडी मारून उलटं उतरता यावं, उलटं जाता यावं म्हणून ती वळलेली टेल होती. पुढे त्या उड्यांच्या खेळातला स्लोपस्टाइल (उड्या आणि अडथळे असलेल्या उतारावरची स्पर्धा) २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपर्यंत गेला. आपल्याला उलटं जायचं नाही. पण उलटं जाणाऱ्यासाठी केलेली सोय सुलटं जाणाऱ्या नवख्यालाही फळते.

त्याची किंमतही आहे. घाबरून वजन मागे टाकून बसायची सवय असेल तर मऊ ट्विन टिप आधार देत नाही. कडक टेल निदान पाठीशी उभी राहते, ही बसकण मारायला लावते. मागून येणाऱ्याच्या तोंडावर बर्फाचा फवारा उडतो तो वेगळाच. आणि चहाला थांबल्यावर साधी स्की टेलवर बर्फात खुपसून उभी करता येते, तशी ही नीट रोवली जात नाही. यातलं मागे बसण्याचं तेवढं गंभीर, बाकीची कुरकुर.

आता मुख्य निवड. एका बाजूला पायाखाली साधारण ९० मिलिमीटर रुंदीच्या, पायाखाली कॅम्बर (मधली कमान) आणि टोकांना थोडा रॉकर (बर्फापासून वर उचललेला बाक) असलेल्या मऊ स्की. ॲटॉमिकची बेंट ९० किंवा लाइनची ९२ मिलिमीटरची हनी बॅजर या अंगाच्या. दुसऱ्या बाजूला शंभर आणि त्याच्या वरच्या : बेंट १००, लाइनची ब्लेंड वगैरे. यात टोकं जास्त उचललेली, बर्फाला टेकणारी लांबी कमी. दोन्हींना दुकानदार "वळायला सोपी" म्हणतात, आणि दोन्हींबाबत ते खोटं नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. नुसतं ट्विन टिप आहे म्हणून मऊ असेल असं धरू नका. मोठ्या उड्यांसाठी मुद्दाम कडक केलेल्या पार्क स्कीही याच रांगेत लावलेल्या असतात. हाताने टिप, म्हणजे पुढचं टोक, धरून वाकवून बघा. नावापेक्षा हाताला जे कळतं ते खरं.

शंभरच्या वरची एक जोडी माझ्याकडे काही हंगाम होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे खटकलं ते त्या प्रकाराचं आहे. घेताना सगळे हेच सांगत होते की गुलमर्ग म्हणजे पावडर (ताजा, भुसभुशीत बर्फ) आणि पावडर म्हणजे रुंद स्की. बोलणं चूक नव्हतं. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो, आणि रात्री बर्फ पडून सकाळी उघडलं असेल तर तिथे रुंद स्कीवर जे वाटतं ते नव्वदवर नाही वाटत. टिप आपोआप वर येते, पाय बुडत नाहीत, अर्धवट जमलेला टर्नही गोड होतो. नवख्याला खोल बर्फात इतकी माफी दुसरी कोणती स्की देत नाही. हे मी आजही मान्य करतो. (तिथे गाइड आणि हिमस्खलनाचं सामान असल्याशिवाय जायचं नाही, हे कोर्समध्ये शिकवलं असेलच.)

पण तुमच्या सुट्टीत असे दिवस किती? बर्फ पडतो तेव्हा वरचा टप्पा पुष्कळदा वाऱ्याने किंवा हिमस्खलनाच्या भीतीने बंद असतो. उघडतो त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं नांगरून झालेलं असतं. बाकीचा वेळ आपण पहिल्या टप्प्यावर, सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगदूरीच्या आसपास, किंवा खालच्या ड्रॅग लिफ्टच्या (स्कीवर उभं असताना ओढून वर नेणाऱ्या दोराच्या) उतारांवर असतो. औलीत तर दाबलेला उतार हाच मुख्य, आणि सकाळी तो कडक असतो.

आणि मग ती वाट. माझा निकाल तिनेच लावला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोंगदूरीहून झाडीतून खाली गोंडोलाच्या तळाकडे यायचं असतं. कुठे अरुंद, कुठे जवळजवळ सपाट, शेकडो लोकांनी घासून गुळगुळीत केलेली. खाली पोचता पोचता स्लेज ओढणारे, फोटो काढणारे, बुटावर घसरणारे पर्यटक. दिवसभर कितीही छान जमलेलं असो, संध्याकाळी थकलेल्या पायांनी या वाटेवरून यावंच लागतं. तिथे मोठा टर्न घ्यायला जागा नाही. स्की सपाट ठेवून सरळ जायचं, आणि वेग वाढला की छोटे छोटे ब्रेक.

नेमकं हेच त्या रुंद स्कीला जमत नव्हतं. दोन्ही टोकं उचललेली, त्यामुळे सपाट ठेवली की टेकायला पायाखालचा तुकडाच उरतो. नवा गोऱ्हा डवऱ्याला जुंपला की तास सोडून एकदा इकडे, एकदा तिकडे जातो, तशी एकेक स्की आपापल्या मनाने चालते. डावी आत येते, तिला सावरावं तोवर उजवी बाहेर. एज पकडून सरळ ठेवावी तर रुंदीमुळे एजवर यायला वेळ लागतो, आणि आली की घट्ट बर्फावर गुडघा पिळला जातो. सरावलेली मंडळी म्हणतात, "जरासं एजवर झुकून राहा, भटकणार नाही." बरोबर आहे. मीही पुढे शिकलो. पण थकलेल्या पायांनी एवढ्या लांब वाटेवर सतत जरासं झुकून राहणं हा आमच्यासारख्यांचा प्रांत नव्हे. पडलो तेही तिथेच, वरच्या उतारावर क्वचित. आणि दिवसाचा शेवट रोज चिडचिडीत व्हायचा, ते जास्त लागलं.

नव्वदच्या मऊ जोडीवर तीच वाट पहिल्यांदा केली तेव्हा मी मुद्दाम काही वेगळं केलं नव्हतं. ट्विन टिपच असल्यामुळे थोडं भटकणं तिच्यातही होतं. पण पायाखालचा कॅम्बर बर्फाला धरून होता, स्की कुठे निघालीय ते तळव्याला कळत होतं, आणि छोटा ब्रेक मारायचा म्हटला की एज लगेच हजर. खाली आलो तेव्हा मांड्या भरल्या होत्या, पण गुडघे शाबूत होते. मापं घेऊन केलेली ही चाचणी नाही, माझ्या गुडघ्याची साक्ष आहे. माझं वजन बेताचं आहे हेही लक्षात घ्या. धिप्पाड माणसाला शंभरची इतकी जड जाणार नाही, आणि नव्वदची कदाचित फारच लवचीक वाटेल.

पावडरमध्ये नव्वदची कमी पडते, हे लपवत नाही. घोट्याच्या वर बर्फ असला की जरा जास्त राबावं लागतं, टिप बुडू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. गुडघाभर बर्फात तर माझी दमछाक होते. पण वर्षभरात असा दिवस मिळाला तर मी स्वतःला भाग्यवान समजतो, आणि दमछाक आनंदाने सोसतो.

कोणतीही घ्या, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) कुठे बसवता त्याने स्वभाव पुष्कळ बदलतो, आणि याकडे आपल्याकडचे लोक फार दुर्लक्ष करतात. पार्कवाले ती अगदी मध्याजवळ लावतात, म्हणजे पुढे-मागे सारखंच जाता येतं. आपल्याला ते नको. मध्यापासून पाचेक सेंटिमीटर मागे, किंवा कंपनीने मागे जी खूण केलेली असेल तिच्यावर. मध्यावर लावलेली स्की फिरवायला आणखी हलकी लागते खरी, पण पुढे टिप उरतच नाही असं वाटतं आणि मऊ बर्फात ती लगेच खाली घुसते. बाइंडिंगच्या ब्रेकची, म्हणजे बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी स्कीला जुळती घ्या. नव्वदच्या स्कीला एकशेदहाचा ब्रेक लावला तर बाहेर आलेले दांडे बर्फात अडकतात. बुटाचा सोल ग्रिपवॉक (चालायला सोपा असा) असेल तर बाइंडिंगही तो घेणारी हवी.

लांबीबाबत उलटी चूक होते. वळायला सोपी हवी म्हणून लोक हनुवटीच्याही खालची घेतात. वर वळलेली टेल आणि रॉकर यामुळे ट्विन टिपची टेकणारी लांबी छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. नाकापर्यंत येणारी घ्यायला घाबरू नका, ती चालताना आखूडच वाटते. अगदी पहिल्याच दिवसापासून सोपेपणा हवा असेल तर टिप आणि टेलच्या टोकाकडच्या एजवरून कानस हलकी फिरवून धार बोथट करून घ्या. दुकानात पाच मिनिटांचं काम आहे, आणि स्की अचानक पकडण्याची खोड बरीच कमी होते.

घरी ठेवण्याचं सांगायलाच हवं, कारण आपलं ऊन आणि आपला पावसाळा दोन्ही स्कीचे वैरी. टिनाच्या गोदामात ठेवू नका. मे महिन्यात तिथे काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको. खताच्या पोत्यांजवळ तर नाहीच, एजला गंज धरायला आषाढसुद्धा पुरतो. हंगाम संपला की एज पुसून कोरड्या करायच्या, तळाला आणि एजवर मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो न खरवडता तसाच ठेवायचा. माझी जोडी आतल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे उभी असते. पहिल्या वर्षी गड्याने विचारलं होतं, "हे कायच्या फळ्या होय जी?" सांगितल्यावर म्हणाला, "बर्फावर जाऊन पडासाठी एवढे पैसे?" उत्तर अजून दिलेलं नाही.

प्रवासातही नव्वदची जोडी बरी पडते. दोन्ही टोकं वळलेली असल्याने ट्विन टिपची बॅग साध्या स्कीपेक्षा फुगीर होतेच, त्यात शंभरच्या वरची असेल तर बसच्या टपावर, टॅक्सीच्या कॅरिअरवर प्रत्येक ठिकाणी वाद. यावर निवड करावी असं नाही, पण वरच्या बर्थवर तिला कुशीत घेऊन रात्र काढून पाहा.

नागपूरच्या दुकानांत मला स्की अजून दिसलेली नाही. म्हणजे परदेशातून येणारा भाचा किंवा गुलमर्ग-मनालीला हंगामाच्या शेवटी विकायला निघालेली जुनी जोडी, हे दोनच मार्ग उरतात. जुनी घेताना तळावरचे ओरखडे माफ करा, पायाखालच्या एजची तडा गेलेली जागा माफ करू नका. जुन्यांमध्ये रुंद जोड्या जास्त दिसतील आणि स्वस्तही मिळतील, कारण परदेशी पाहुणे पावडरसाठीच आलेले असतात. त्या मोहात पडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचं वजन दणकट असेल, आठवडाभर गाइड घेऊन वरच्या टप्प्यावरच राहणार असाल, तर शंभरची घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी नव्वदची आणावी. वरचा टप्पा ताज्या बर्फासह उघडलाच, तर त्या दिवसापुरती रुंद जोडी गुलमर्गच्या दुकानात भाड्याने मिळते. फक्त सकाळी लवकर जा, आणि ब्रेक व बाइंडिंग तुमच्या बुटाला जुळवून द्यायला सांगा.