बोकास देल तोरोची बेडूक टूर – बेडूक फुल्ल पैसा वसूल, माहिती जेमतेम

पनामात बोकास देल तोरोला जाणार असाल आणि पॉइझन डार्ट फ्रॉग (ते छोटे, भडक रंगाचे विषारी बेडूक) बघायचे असतील तर अर्ध्या दिवसाची टूर घेऊ नका, दिवसभराची बोटीचीच घ्या, हे आधीच सांगून टाकते. अर्ध्या दिवसात फक्त बास्तिमेंतोस बेटावर रेड फ्रॉग बीचला नेतात, लाल बेडूक दाखवला की झालं, चला परत. पण खरी मजा बेट बदललं की बेडकाचा रंग बदलतो त्यात आहे. बास्तिमेंतोसवर लाल-केशरी अंगावर काळे ठिपके, सोलार्तेवर केशरी, कोलोनवर हिरवट पिवळा आणि आग्वाकातेच्या बाजूला तर चक्क निळा! आणि हे सगळे एकाच स्पेसीजचे, म्हणजे एकाच प्रजातीचे, शास्त्रीय नाव ऊफागा पुमिलिओ. गेल्या 10 हजार वर्षांत समुद्र चढत गेला, टेकड्यांची बेटं झाली, बेडूक तिथे अडकले आणि प्रत्येक बेटावर वेगळा रंग रुजला.

आमचा गाईड तिथलाच, नजर म्हणजे काय विचारू नका. बेडूक जेमतेम दोन सेंटीमीटरचा, आपण पानं चाळत बसतो आणि हा नुसती किर्रकिर्र ऐकून बरोबर त्या मुळाकडे बोट दाखवतो. एक नर मुळावर चढून गळा फुगवून ओरडत होता, दुसरा जवळ आला तर दोघांची सरळ कुस्तीच जुंपली, पोटाला पोट लावून. नंतर एक मादी दिसली पाठीवर टॅडपोल, म्हणजे बेडकाचं पिल्लू, घेतलेली. ती त्याला ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातलं झाड) पानांत साचलेल्या पाण्यात नेऊन सोडते आणि मग अधूनमधून येऊन त्याला खायला स्वतःची न फळलेली अंडी घालते. हे बघायला मिळालं म्हणून एक स्टार जास्तच.

आता वैताग. गाईडने रंगावरून ‘हे तीन वेगळे स्पेसीज’ असं ठोकून दिलं. बोटीतल्या लॅमिनेट केलेल्या चार्टवर तर अजून डेंड्रोबेटिस पुमिलिओ हे जुनंच नाव छापलेलं, म्हणजे 2006 मध्ये या सगळ्या कुळाची मोठी फेरमांडणी झाली, जुन्या डेंड्रोबेटिस या गटाचे तुकडे करून ऊफागा, रानिटोमेया वगैरे गट वेगळे काढले, ते यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. पिल्लांना फक्त अंड्यांवरच वाढवणारे ऊफागात गेले, रंग कुठलाही असो. रंगावर जाऊन तर शास्त्रज्ञही फसलेत, सुरिनामचा तो फेमस निळा बेडूक अझुरिअस 1969 मध्ये वेगळी स्पेसीज म्हणून नोंदवला होता, आता तो टिंक्टोरिअस या दुसऱ्या स्पेसीजचाच एक रंग मानतात. एवढे डॉलर घेता तर एक नवा चार्ट छापायला काय जातं?

विषाच्या गप्पा पण जरा जास्तच, ‘हात लावला की खेळ खल्लास’ वगैरे. तसा खरा जीवघेणा तो कोलंबियातला पिवळा फायलोबेटिस टेरिबिलिस, तिथले एंबेरा आदिवासी फुंकणीच्या बाणांना ज्याचं विष लावायचे तो. पुमिलिओ त्यामानाने सौम्य, आणि विष येतं ते मुंग्या आणि माइट्स (अगदी बारीक किडे) खाऊन, त्यामुळे काचेच्या पेटीत जन्मलेल्या बेडकात ते नसतंच. तरी हात लावू नकाच, आपल्या हातावरचं सनस्क्रीन आणि मच्छरचं क्रीम त्याच्या कातडीला बाधतं. बीचवर पोरं पानात बेडूक धरून फोटोचे पैसे मागतात, देऊ नका, दिले की उद्या अजून पकडतात.

जेवण ठीक. नारळाचा भात आणि मासे, व्हेजवाल्यांना तळलेली कच्ची केळी आणि भातावर भागवावं लागेल. गमबूट ते देतात पण छोटे साइज संपलेले असतात, सासूबाईंचा पाय त्यात पोहत होता, त्यामुळे आपलेच न्या. सकाळची पहिली बोट घ्या, रात्री पाऊस झाला असेल तर उत्तमच. 5 पैकी 4.