स्ट्रिंगमधला मजकूर वाचायचाय: स्ट्रिंगरीडर, स्कॅनर की साधं स्प्लिट?

मजकूर आधीच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मेमरीत आहे. मग तो परत 'वाचायचा' कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याचदा उत्तर 'गरज नाही' असंच असतं. स्वल्पविरामांनी तोडलेले चार शब्द हवे असतील तर स्प्लिट करा आणि पुढच्या कामाला लागा. निवडीचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. एक, फाइल किंवा नेटवर्कवरून वाचणारा कोड तयार आहे आणि तोच स्ट्रिंगवर चालवायचा आहे. दोन, मजकुरात आकडे, नावं, ओळी यांची सरमिसळ आहे. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. आधी जावा धरून बघू.

स्ट्रिंगरीडर

हा क्लास जावा १.१ पासून, म्हणजे १९९७ पासून आहे. त्याला स्वतःला फारसं काही येत नाही: एक अक्षर देतो, अक्षरांचा गठ्ठा देतो, खूण करून मागे येऊ देतो. पूर्ण ओळ हवी असेल तर त्याला बफर्डरीडरमध्ये गुंडाळावं लागतं. तरीही माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोलाचा क्लास हाच, कारण तो 'रीडर' आहे, म्हणजे अक्षरं वाचणाऱ्या क्लासांच्या सामाईक मूळ क्लासचा वारस. फाइलरीडरही रीडर, इनपुटस्ट्रीमरीडरही रीडर. तुमची मेथड फाइलचं नाव न मागता रीडर मागत असेल, तर मजकूर कुठून आला याच्याशी तिला देणंघेणं उरत नाही. जावाच्याच प्रॉपर्टीज क्लासमधली 'लोड' मेथड बघा. जावा ६ पासून ती रीडर घेते, त्यामुळे सेटिंगची फाइल जशी वाचता येते तशीच दोन ओळींची स्ट्रिंगही. टेस्ट लिहिताना हे फार उपयोगी पडतं: डिस्कवर तात्पुरती फाइल बनवायला नको, ती पुसायला नको, इनपुट आणि अपेक्षित उत्तर एकाच मेथडमध्ये डोळ्यांसमोर राहतं. पॉलिमॉर्फिझम (एकाच प्रकाराच्या नावाखाली वेगवेगळे क्लास चालणं) शिकवायला प्राणी आणि आकृत्यांपेक्षा हे उदाहरण कितीतरी चांगलं आहे, कारण इथे त्याचा खरा फायदा दिसतो.

एक कटकट मात्र आहे. मेमरीतून वाचतानाही त्याच्या वाचणाऱ्या मेथड आयओएक्सेप्शन (वाचता-लिहिताना येणारी चूक) जाहीर करतात, म्हणजे ट्राय-कॅच आलंच. रीडर बंद करून पुन्हा वाचायला गेलात तर ते एक्सेप्शन खरंच येतं.

स्कॅनर

स्कॅनर २००४ च्या जावा ५ मध्ये आला. स्ट्रिंग दिली की शब्द, पूर्णांक, दशांश, ओळ असं हवं ते मागता येतं, आणि आयओएक्सेप्शनची कटकटही नाही. सरमिसळ मजकुरासाठी हाच सोयीचा. पण त्याचा प्रसिद्ध सापळा समजून घ्या. समजा स्ट्रिंगमध्ये तीन ओळी आहेत: '१२', 'लाल दिवा', '७.५'. नेक्स्टइंट १२ उचलतं आणि ओळ संपायच्या खुणेच्या अलीकडेच थांबतं. मग नेक्स्टलाइन मागितलं की पहिल्या ओळीचं उरलेलं शेपूट, म्हणजे रिकामी स्ट्रिंग, हाती येते. त्यानंतर नेक्स्टडबल 'लाल'वर आदळतं आणि इनपुटमिसमॅचएक्सेप्शन येतं. चूक एका ठिकाणी, आरडाओरडा दुसऱ्या ठिकाणी. सरळ उपाय असा: प्रत्येक वेळी अख्खी ओळ घ्यायची आणि आकडा आपण स्वतः पार्स करायचा.

आणखी दोन गोष्टी. दशांशचिन्ह टिंब की स्वल्पविराम, हे स्कॅनर मशीनच्या लोकॅलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून ठरवतो, त्यामुळे एका मशीनवर चाललेला कोड दुसरीकडे अडतो; लोकॅल स्वतः सांगा. आणि फाइलचं नाव थेट स्ट्रिंग म्हणून दिलंत तर स्कॅनर ती फाइल उघडत नाही, ते नावच मजकूर समजून वाचतो.

आत रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगायची चिन्हांची भाषा) चालत असल्याने स्कॅनर बफर्डरीडरपेक्षा हळू आहे. शंभर ओळींत ते जाणवणार नाही, लाखो ओळींत जाणवेल.

स्प्लिट, लाइन्स आणि जुनी मंडळी

स्ट्रिंगटोकनायझर हा तुकडे पाडणारा जुना क्लास नव्या कोडमध्ये वापरू नका, असं जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. 'क,,ख,,' यातून तो दोनच तुकडे देतो, रिकाम्या जागा गिळतो. स्प्लिट तीन देतं, म्हणजे मधली रिकामी जागा राखतं आणि शेवटच्या टाकतं. मर्यादा म्हणून उणे एक दिलंत तर पाचही मिळतात. तक्ता वाचताना हा फरक जीवघेणा ठरतो, कारण रकाने सरकतात. शिवाय स्प्लिटला दिलेलं चिन्ह रेग्युलर एक्स्प्रेशन समजलं जातं: नुसतं टिंब दिलंत तर एकही तुकडा मिळत नाही. फक्त ओळी हव्या असतील तर जावा ११ मधलं 'लाइन्स' घ्या, बाकी काही नको.

स्ट्रिंगबफरइनपुटस्ट्रीम, म्हणजे स्ट्रिंगमधून बाइट देणारा जुना क्लास, कुठे दिसला तर लगेच काढा. तो प्रत्येक अक्षराची खालची आठच बिटं ठेवतो. 'ठ'चा युनिकोड हेक्समध्ये ०९२०, उरतात २०, म्हणजे रिकामी जागा. 'र'चा ०९३०, उरतात ३०, म्हणजे इंग्रजी शून्य. 'मराठी' या शब्दाचं टिंब, शून्य, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, रिकामी जागा आणि ॲटचं चिन्ह होतं. तो जावा १.१ मध्येच बाद ठरवला गेला. एखादी लायब्ररी इनपुटस्ट्रीमच मागत असेल तर स्ट्रिंगचे यूटीएफ-८ बाइट काढून बाइटॲरेइनपुटस्ट्रीम द्या.

दुसऱ्या भाषेत असाल तर

डॉटनेटमध्ये निवड सोपी आहे. तिथला स्ट्रिंगरीडर टेक्स्टरीडरपासून येतो, फाइल वाचणारा स्ट्रीमरीडरही त्याचाच वारस, आणि ओळ वाचायची सोय दोघांत आहे, गुंडाळागुंडाळ नाही. सी++ मधला आयस्ट्रिंगस्ट्रीम रीडर आणि स्कॅनर दोघांचं काम एकटा करतो. मेथडला आयस्ट्रीमचा रेफरन्स घेऊ द्या, मग कीबोर्ड, फाइल, स्ट्रिंग सगळं चालतं. पण वाचन फसलं तर तो आपणहून एक्सेप्शन टाकत नाही, प्रत्येक वेळी स्थिती तपासावी लागते. शेवटपर्यंत वाचलेल्या त्याच ऑब्जेक्टमध्ये नवी स्ट्रिंग भरलीत तर आधी 'क्लिअर' करा, नाहीतर शेवट आल्याची जुनी खूण तशीच राहते आणि नवं काहीच वाचलं जात नाही. देवनागरीत लिहिलेला '१२' जावाचा स्कॅनर आणि पायथनचा इंट दोघेही बारा म्हणून घेतात. सी++ मध्ये आणि डॉटनेटच्या पार्समध्ये तो नाकारला जातो, त्यामुळे तिथे अंक आधी बदलून घ्यावे लागतात. पायथनचा स्ट्रिंगआयओ तयार करतानाच मजकूर दिलात तर वाचन सुरुवातीपासून होतं. रिकामा बनवून नंतर लिहिलंत तर वाचायची जागा शेवटी गेलेली असते, तेव्हा वाचण्याआधी 'सीक' मेथडने ती शून्यावर न्या.