उदगीरच्या मोंढ्यामागचं बियाण्याचं दुकान : चाऱ्याची चवळी घ्यायची तर इथं

आमच्या दावणीला दोन देवणी गाई आणि तीन म्हशी आहेत. मिरग जवळ आला की मला आधी चाऱ्याच्या चवळीच्या बियाण्याची काळजी लागते. मागच्या साली एका दुसऱ्या दुकानातून आणलेलं बी पार वाया गेलं. पिशवी छापील, देखणी, पण आतले निम्मे दाणे हिरवट, सुरकुतलेले. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवले, तर 58 उगवले. रानात नांग्याच नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा. त्या पावसाळ्यात वैरण विकत घ्यावी लागली, ते अजून जीवाला लागलंय.

यंदा बहिणीच्या सांगण्यावरून या दुकानात गेले. दुकान लहान, पिठाच्या गिरणीला लागून. दुकानदार काकांनी दराची गोष्ट काढायच्या आधीच दोन दाणे हातावर ठेवले, म्हणाले, "ताई, दाताखाली धरून बघा." एक कट्टकन फुटला, दोन डाळिंब्या वेगळ्या झाल्या, आत पांढरट पीठ. दुसरा हिरवा तोडून वाळवलेला. तो चिवट, नुसता चेपला गेला, आणि जिभेला किंचित गोड लागला.

त्या गोडीतच सगळं आहे, हे मला तिथं उमगलं. कोवळ्या शेंगा आपण भाजीला घेतो त्या गोड लागतात म्हणूनच. त्या दाण्यात पाऊणभर तर पाणी, आणि अन्न अजून साखरेच्या रूपात. शेंग भरत जाते तशी वेलाकडून आलेली साखर पिठूळ होऊन साठते, प्रथिनं साठतात, स्फुरदही (फॉस्फरस) साठून राहतं. हिरव्या दाण्यात 100 ग्रॅमला जेमतेम 3 ग्रॅम प्रथिनं असतात, वाळलेल्यात 23-24. त्यातला बराचसा फरक पाणी आटल्याचा, पण पाणी वगळून मोजलं तरी पिकलेला दाणाच वरचढ ठरतो. रोप मातीतून वर येतं तेव्हा दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन येतं, आणि पानं कामाला लागेपर्यंत त्याच शिदोरीवर जगतं. शिदोरी अर्धीच बांधली असेल तर पोर वाटेतच बसणार.

चवळीच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. खालची शेंग खुळखुळत असते तेव्हा वर फूल असतं. सगळा वेल एकदाच उपटून मळला की हिरवे-पिकले दाणे एक होतात, आणि मागच्या सालचं माझं बी बहुतेक तसंच निघालेलं. काका जिथून माल घेतात तिथं शेंगा तीन वेळा तोडतात, आणि पिशवीवर हातानं 'दुसरी तोडणी' असं लिहिलेलं असतं. मी सोनाराच्या काट्यावर दोन्ही सालचे शंभर-शंभर दाणे मोजून तोलले. जुने 7 ग्रॅम भरले, नवे 10. गोणपाटात यंदा 91 उगवले.

खटकलं ते पण सांगते. किलोमागं चाळीस रुपये जास्त पडतात. पिशवी साधी कापडी, आत प्लास्टिक नाही, घरी आणल्यावर लगेच बंद डब्यात भरा, नाहीतर ओल धरते आणि भुंगा लागतो. रायझोबियम, म्हणजे बियाण्याला चोळायचं जिवाणू खत, इथं मिळत नाही. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून मागवलं. दुकान अकराशिवाय उघडत नाही, पहाटेच्या एसटीनं येणाऱ्यानं उगाच ताटकळू नये.

वीस गुंठ्यांत मक्यासोबत 8 किलो पेरलं. बावन्नाव्या दिवशी, निम्म्या वेलांना फुलं दिसल्यावर कापणी धरली. थोरली गाय मक्याची धाटं बाजूला सारून आधी चवळीचा वेल ओढते. पुढच्या हंगामाचे 10 किलो मी आत्ताच सांगून ठेवलेत, दुसऱ्या तोडणीचेच.