हाकोनेत मुक्काम कुठे करावा? युमोतो, गोरा, सेंगोकुहारा आणि सरोवराकाठची पारख

हाकोने हे एकच गाव समजून खोली शोधायला बसलात तर चूक होईल. टोकियोच्या नैर्ऋत्येला, कानागावा प्रांतात, एका ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर पसरलेल्या वस्त्यांचं हे सामायिक नाव आहे. पायथ्याचं हाकोने-युमोतो स्टेशन समुद्रसपाटीपासून ९६ मीटरवर आहे, गोरा ५४१ मीटरवर, आशी सरोवर सव्वासातशेच्या आसपास, तर गंधकाच्या वाफा सोडणारं ओवाकुदानी १,०४४ मीटरवर. चढत जाल तशी हवा बदलते, झऱ्याचं पाणी बदलतं आणि संध्याकाळनंतरची वाहनांची सोयही बदलते. बुकिंगच्या साइटवर मात्र या सगळ्यांपुढे ‘हाकोने’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून आधी गाव ठरवावं, मग हॉटेल. आणि गाव ठरवायचं ते संध्याकाळी पाच वाजता आपण डोंगराच्या कोणत्या बाजूला असणार यावरून. रियोकान म्हणजे पारंपरिक जपानी निवासात दुपारी तीनला खोली मिळते, सहा-साडेसहाला जेवण वाढतात आणि सकाळी दहाला खोली सोडावी लागते. ओवाकुदानीवरून सरोवराकडे उतरणारा रोपवे आणि सरोवरातली बोट पाचच्या सुमारास बंद होतात, हिवाळ्यात त्याहून लवकर. खोली युमोतोला आणि शेवटच्या बोटीने तुम्ही उतरलात तोगेन्दाइला, म्हणजे सरोवराच्या पलीकडच्या टोकाला, तर पुढे उरते फक्त बस, आणि सुट्टीच्या दिवशी ती घाटातल्या वाहनांच्या रांगेत अडकते. जेवणाची वेळ टळली तर बऱ्याच रियोकानमध्ये ते मिळत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत.

पोचायला सर्वांत सोपं युमोतो. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार गाडी थेट येते, साधारण दीड तासात. हाकोने फ्री पास (इथल्या रेल्वे, बस, रोपवे, बोटीचा एकत्रित पास) असला तरी या गाडीचं जादा तिकीट वेगळं काढावं लागतं, हे पुष्कळांना ऐनवेळी कळतं. जपान रेल पासवाल्यांनी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, युमोतोच्या अलीकडे ओदावाराला उतरावं (कोदामा थांबते, हिकारी मोजक्याच, नोझोमी नाही). पुढच्या पंधरा मिनिटांच्या गाडीला तो पास चालत नाही. युमोतोत स्टेशनसमोरच दुकानांची रांग आहे, चोवीस तास उघडी दुकानं आहेत, आणि टेकडीवरच्या हॉटेलांसाठी तिकीट काढून जायची सामायिक मिनीबस आहे. रात्री उशिरा पोचणारे, जेवणाविना खोली घेणारे आणि दुसऱ्या दिवशी लवकर निघणारे यांना हीच जागा बरी. पण फुजी इथून दिसत नाही आणि शनिवारी स्टेशनसमोरून चालणंही कठीण होतं.

पहिल्यांदाच जात असाल आणि एकच रात्र हाताशी असेल, तर आमचं मत गोराच्या बाजूने. युमोतोहून वर गोराला जाणारी तोझान रेल्वे १९१९ साली सुरू झाली. ८.९ किलोमीटरला ती सुमारे चाळीस मिनिटं घेते, कारण काही ठिकाणी चढ साडेबारा मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. वाटेत तीनदा गाडी थांबते, चालक आणि गार्ड एकमेकांची टोकं बदलतात आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण घेते. आपल्या बोरघाटात १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. जून-जुलैत रुळांच्या दोन्ही अंगांना हायड्रेंजिया फुलतात, त्यांची पानं खिडकीला घासत जातात.

गोराला शेवटच्या गाडीची धास्ती नसते. रोपवे बंद पडला तरी खाली जायची रेल्वे चालू असते. चोकोकु-नो-मोरीचं खुलं शिल्पसंग्रहालय एकाच स्टेशनवर आहे. खबरदारी एकच: नकाशावर ‘गोरा स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिलं असेल तर चढ विचारून घ्या. स्टेशनच्या वरची वस्ती इतकी उभी आहे की तिथे दोराने ओढली जाणारी केबल कार आहे आणि तिला कोएन-शिमो, कोएन-कामी, नाका-गोरा, कामी-गोरा असे मधले थांबे आहेत. हॉटेल कोणत्या थांब्याजवळ आहे ते पत्त्यापेक्षा महत्त्वाचं. चाकांची मोठी बॅग त्या उतारावर ओढू नये. युमोतो स्टेशनवरच सामान पोचवण्याची सेवा आहे. बारा वाजायच्या आत तिथे बॅग दिली की दुपारी ती रियोकानवर येते आणि आपण मोकळ्या हाताने हिंडतो.

गोराच्या अलीकडचं मियानोशिता जुनं आणि शांत आहे. १८७८ पासूनचं फुजिया हॉटेल तिथेच आहे. पलंग आणि खुर्ची हवी असणाऱ्यांसाठी ते चांगलं, पण भाडं चढं.

पाण्यासाठी जायचं असेल तर सेंगोकुहारा. दुधासारखं पांढुरकं, गंधकाच्या वासाचं पाणी लोकांच्या मनात असतं ते बहुधा हेच. ते तिथल्या जमिनीतून वर येत नाही. ओवाकुदानीच्या ज्वालामुखी वाफेत पाणी मिसळून गरम पाणी तयार करतात आणि नळांनी सेंगोकुहारा आणि गोराच्या काही भागांत पोचवतात. त्यामुळे ज्वालामुखी अस्वस्थ झाला की पुरवठ्यावर परिणाम होतो. २०१५ च्या हालचालीत रोपवे थांबला होता आणि या पाण्याचीही आबाळ झाली होती. युमोतोचं पाणी अगदी वेगळं: नितळ, बिनवासाचं, किंचित अल्कधर्मी, अंगाला बुळबुळीत लागणारं. त्वचा नाजूक असेल तर तेच घ्यावं. ओवाकुदानीचं पाणी आम्लधर्मी असतं, ओरखड्यावर झोंबतं, आणि लहान मुलं त्यातून लगेच बाहेर पडतात.

गंधकाच्या पाण्यात उतरण्याआधी चांदीची जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. काही मिनिटांतच चांदीवर आधी पिवळसर आणि मग काळा थर चढतो. बावीस कॅरेट सोन्यात तांबं-चांदी असते, तेही मंद पडू शकतं, म्हणून मंगळसूत्र खोलीतल्या तिजोरीत ठेवलेलं बरं.

‘ओनसेन’, म्हणजे गरम पाण्याचा झरा, असं लिहिलं म्हणजे पाणी ताजंच असं नाही. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश सेल्सियस किंवा जास्त तापमान, अथवा ठरावीक घटकांपैकी एखादा पुरेसा असला की तो ओनसेन ठरतो. पुढे तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवत राहतात, किंवा सतत नवं सोडून जुनं वाहू देतात. या दुसऱ्या पद्धतीला ‘गेनसेन काकेनागाशी’ म्हणतात. पाणी मिसळलं का, तापवलं का, फिरवलं का, जंतुनाशक घातलं का, हे २००५ पासून जाहीर करणं बंधनकारक आहे. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर पृथक्करणाचा कागद असतो, त्यावर पीएचही दिलेला असतो. बुकिंगआधी साइटवर ‘गेनसेन काकेनागाशी’ एवढे शब्द शोधा. ‘खोलीत खासगी ओपन-एअर बाथ’ म्हणून दुप्पट दर लावणाऱ्या काही ठिकाणी सामायिक कुंडात झऱ्याचं आणि खोलीतल्या टबात साधं तापवलेलं पाणी असतं. हे आधी विचारलं नाही तर तक्रारीला जागा उरत नाही.

सेंगोकुहाराची अडचण वाहतुकीची. रेल्वे नाही. युमोतोहून बस अर्ध्या तासाची, पण सुट्टीच्या दुपारी तेवढ्यात पोचेल याची खात्री धरू नका. शिंजुकुहून तोगेन्दाइकडे जाणारी थेट बस सुमारे दोन तासांत येते, एकाच ठिकाणी राहायचं असेल तर ती जास्त सोयीची. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत तिथलं सुसुकी गवत तुऱ्यांनी भरतं, त्या काळात खोल्या लवकर संपतात.

सरोवराकाठच्या मोतो-हाकोनेला पाण्यापेक्षा नजारा. हाकोने देवळाची पाण्यातली लाल कमान आणि सरोवरापलीकडचा फुजी बघायचा तर पहाटे तिथे असलेलं उत्तम, आणि ते फक्त मुक्कामानेच जमतं. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी शक्यता सर्वांत चांगली. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मात्र ‘फुजी दिसणारी खोली’ म्हणून जास्त पैसे मोजू नका, ढग दिवस दिवस हटत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा प्रश्न खोली घेण्याआधी मिटवावा. मांस-मासे वगळणं रियोकानला जमतं, गाडी अडते ती दाशीवर, म्हणजे जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असलेल्या अर्कावर. सूप, भाजी, टोफूवरचा रस, अगदी पालकाची कोशिंबीरसुद्धा सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या अर्कात होते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर मासा वगळून दाशी तशीच राहते. निदान आठवडाभर आधी स्पष्ट लिहा: “निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु. कोंबु-दाशी वा दाइजोबु देसु.” म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही नको, कोंबु या समुद्री शेवाळाची चालेल. अंडं नको असेल तर तेही लिहा. लेखी होकार आला नाही तर जेवणाविना खोली घ्या, जपानीत ‘सुदोमारी’, आणि मग युमोतोतच राहा. गोरा आणि सेंगोकुहाराला रात्री आठनंतर जेवणाचं उघडं हॉटेल शोधणं कठीण आहे. थेपले, मेतकूट आणि कपात गरम पाणी ओतून होणारे पोहे बॅगेत असले तर सकाळचीही सोय होते. खोलीत पाणी तापवायची किटली असतेच.

दर खोलीचा नव्हे, माणशी असतो. दोन वेळच्या जेवणासह मध्यम रियोकानला साधारण १५ ते ३० हजार येन माणशी धरा. खोलीत स्वतंत्र कुंड हवं तर त्याच्या बऱ्याच वर. स्नानकर वेगळा, बहुतेक ठिकाणी माणशी रात्रीला १५० येन. रविवार ते गुरुवार दर उतरतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आईवडिलांना ततामीवरच्या (गवती चटईवरच्या) गादीतून उठणं जड जातं, त्यांच्यासाठी ‘वायोशित्सु’ मागा, म्हणजे ततामीबरोबर पलंगही असलेली खोली. कुणाला दमा किंवा हृदयविकार असेल, किंवा गरोदर बाई असेल, तर ओवाकुदानीला उतरू नये, तशी सूचना तिथेच लावलेली असते. तोगेन्दाइला जायला बसने वळसा घालता येतो.

सगळ्यांसमोर कपड्यांविना उतरणं आपल्याला अवघड. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण कपड्यांसह उतरतो, इथे ते चालत नाही. संकोच असेल तर ‘काशिकिरी-बुरो’ असलेलं ठिकाण निवडा. कुटुंबापुरतं कुंड ४५-५० मिनिटांसाठी मिळतं, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दोन-तीन हजार येनांत. वेळ आल्या-आल्याच नोंदवावी, संध्याकाळच्या वेळा चारच्या आत भरतात. मोठ्या कुंडांवर पुरुषांसाठी बहुधा निळा पडदा असतो आणि बायकांसाठी लाल, पण बऱ्याच रियोकानमध्ये रात्रीतून दोन्ही कुंडांची अदलाबदल होते. सकाळी कालच्या सवयीने आत शिरू नका, आधी पडदा पाहा.