एक्स शेजारच्या घरी जातो: जुन्या लेथवर लिनक्ससीएनसी, अकरा महिन्यांनंतर

काल सकाळी शॉप उघडलं तर पॅनेलखालचा यूपीएस कोकलत होता. बॅटरी गेली. घेऊन पुरते सात महिने झाले नाहीत, आणि दुकानदार म्हणतो वॉरंटीत बॅटरी धरत नाहीत. या मशीनबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो, कारण माझं मत दर महिन्याला बदलत होतं. पण काल डोकं फिरलं, म्हणून आता लिहूनच टाकतो. लिनक्ससीएनसी म्हणजे साध्या पीसीवरून असं मशीन चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि मेसाची कार्डं म्हणजे पीसी आणि मशीन यांच्यामधले दुभाषी.

मशीन दोन अक्षांचं (एक्स व्यासाच्या दिशेने, झेड लांबीच्या), स्लँट बेड म्हणजे तिरका पाया, हत्यारं धरणारं आठ स्टेशनचं टरेट. भोसरीतच सेकंडहँड घेतलेलं, सव्वापाच लाखांना. बेड, जॉब फिरवणारा स्पिंडल, स्लाइड सरकवणारे बॉलस्क्रू अजून ठणठणीत. मेला तो कंट्रोल, म्हणजे मशीनचा संगणक, आणि तोही बॅटरीमुळेच. त्यात निम्मा दोष माझा. जुन्या कंट्रोलची मेमरी बॅटरीवर जगते आणि ती बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. मी बदलली गुरुवारी. भोसरीत गुरुवारची सुट्टी, शॉप रिकामं, निवांत काम होईल असा हिशोब. मेन बंद. शुक्रवारी सकाळी स्क्रीनवर अलार्मची रांग लागलेली. पॅरामीटरची, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या आकड्यांची, छापील यादी पॅनेलच्या दारात खोचलेली होती, ती इतक्या वर्षांच्या तेलाने पारदर्शक झालेली. पुढच्या पानाचे आकडे मागच्या पानात मिसळलेले.

सर्व्हिसवाला आला, व्हिजिटचे ९,५०० घेतले, आणि म्हणाला मेमरीचा बोर्डही गेलाय, हे मॉडेल कंपनीने बंद केलंय. नव्या कंट्रोलचं कोटेशन ५ लाख ७५ हजार. मी विचारलं, "ड्राइव्ह आणि मोटर तर चांगल्या आहेत ना?" तर म्हणाला, "त्या पण बदलाव्या लागतील साहेब, नव्याला जुन्या चालत नाहीत." अख्खं मशीन सव्वापाचला आणि त्याचं डोकं पावणेसहाला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मोटर चालवणारे ड्राइव्ह अधिक-उणे १० व्होल्टच्या कमांडवर चालणारे होते, म्हणून मेसाचं ७आय७७ हे कार्ड घेतलं आणि ते पीसीला इथरनेटने जोडायला ७आय९२. ड्यूटी आणि कुरिअर धरून दोन्ही ३६ हजारांना पडली. जुना ऑफिसचा पीसी, टचस्क्रीन, स्पिंडलला नवा एन्कोडर (फिरणं मोजणारा), शिल्डच्या केबली, रिले, एसएमपीएस आणि वायरमनची मजुरी मिळून १ लाख ४२ हजार. यात माझे आणि पुतण्याचे सात रविवार धरलेले नाहीत. ते धरले तर बायकोचंही एक कोटेशन येईल.

आमचे ऑपरेटर मामा बावीस वर्षं टर्निंगवर आहेत. त्यांचा पहिला प्रश्न: "फुकट आहे म्हणता, मग त्यांचं पोट कसं चालतं?" मी सांगितलं, मुळात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने बनवलं, पुढे जगभरच्या लोकांनी वाढवलं. मामा म्हणाले, "बरं. मग बिघडल्यावर फोन कुणाला लावायचा?" मी टरेटकडे काहीतरी बघायचं आहे असं दाखवून तिथून निघालो.

पहिला महिना वाईट गेला. पहिलाच जॉब दुप्पट व्यासावर हवेत फिरला, कारण लिनक्ससीएनसी मुळात त्रिज्येत बोलतं. व्यासात बोलायला जी७ ही आज्ञा द्यावी लागते. आटे काढायचा जी७६ आमच्या जुन्या कंट्रोलवर दोन ओळींचा, इथे एका ओळीचा आणि अक्षरांचे अर्थ वेगळे. ढोबळ कापणीच्या जी७१ मध्ये कुठून कुठवर ते सांगणाऱ्या पी-क्यूच्या ओळी नाहीत, प्रोफाइल सबरुटीनमध्ये, म्हणजे वेगळ्या तुकड्यात, लिहायचं आणि तिचा नंबर द्यायचा. जुने प्रोग्राम होते दीडशेच्या आसपास. पुतण्याने पायथनमध्ये काहीतरी खरडून बरेचसे बदलून दिले, उरलेले मामांनी शिव्या देत हाताने बदलले. टरेटचं लॅडर, म्हणजे ते कुठल्या क्रमाने हलायचं याचं लॉजिक, मला आजही नीट कळत नाही. चालतंय, म्हणून हात लावत नाही.

मग मध्येच मशीन थांबायला लागलं. संदेश असा की कार्डाकडून वाचन वेळेत पुरं झालं नाही, आणि पाठोपाठ वॉचडॉग चावल्याचा. बरोबरच आहे त्याचं: पीसी दर मिलिसेकंदाला कार्डाशी बोलतो, तो गप्प झाला की कार्ड सगळे आउटपुट सोडून देतं. पीसी किती उशीर करतो ते मोजणारी लेटन्सी टेस्ट मात्र चांगली यायची, ४० हजार नॅनोसेकंदांच्या आत. दोन आठवडे मी केबल, अर्थिंग, व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) यांच्यामागे फिरलो. दोष निघाला पीसीच्या बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टात. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, इंटेलचं जुनं नेटवर्क कार्ड ९०० रुपयांना आणलं, आणि 'पाकिटं साठवून मग एकदम कळवू नकोस' असं त्याला बजावणारी एक ओळ सेटिंगमध्ये टाकली. त्या दिवसापासून तो संदेश पुन्हा दिसला नाही. तरी तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाबा रे, कर्ज काढ पण कंपनीचाच कंट्रोल घे.

मत फिरलं ते तिसऱ्या महिन्यात. एका सकाळी मामा ऑफिसच्या दारात येऊन म्हणाले, "साहेब, एक्स आज घरी नाही गेला. शेजारच्या घरी गेलाय."

म्हणजे होमिंग केलं (अक्ष त्याच्या ठरलेल्या मूळ जागी नेणं), स्क्रीनवर सगळं हिरवं, पण पहिला जॉब व्यासात १० मिमी मोठा. पुन्हा होम केलं तर बरोबर. दोन दिवस ठीक, तिसऱ्या सकाळी परत शेजारी. हा प्रकार मला नवा नव्हता. जुन्या कंट्रोलवर वर्षातून एखाद्या वेळी व्हायचा, आणि चार वर्षांपूर्वी याच दुखण्यावर सर्व्हिसवाल्यांनी एक्सचा एन्कोडर बदलून २८ हजारांचं बिल लावलं होतं. बिलावर लिहिलं होतं 'नॉइज प्रॉब्लेम'.

आता मी आकडा बघत बसलो. व्यासात १० म्हणजे एक्समध्ये ५. माझ्या स्क्रूचा पिच ५, म्हणजे एका फेऱ्यात स्लाइड ५ मिमी सरकते. फरक मोजला तर ५.००, दर वेळी. नॉइजमुळे, म्हणजे केबलीत शिरलेल्या विजेच्या गडबडीमुळे, एन्कोडरचे काउंट हरवले असते तर आकडा वेडावाकडा आला असता, कधी ०.३७, कधी १.१२. हा अख्खा एक फेरा होता.

मग हॅलस्कोप उघडला. ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की मशीनच्या आत फिरणारा कुठलाही सिग्नल त्यात ऑसिलोस्कोपसारखा दिसतो, आणि वेगळे पैसे पडत नाहीत. एका रेघेवर होम स्विच, दुसरीवर इंडेक्सची (एन्कोडर दर फेऱ्याला एकदाच देतो ती खूण) वाट बघणारा सिग्नल, तिसरीवर एक्सची जागा. होम पुन्हा पुन्हा करत राहिलो. स्विच दबतो, स्लाइड हळूच मागे येते, स्विच सुटतो आणि तिथून पुढे एन्कोडरचा पहिला इंडेक्स पल्स येईल ती जागा म्हणजे घर. स्विच सुटल्यापासून इंडेक्सपर्यंतचं अंतर माझ्या मशीनवर निघालं ०.०६ मिमी. कधी ०.०८, कधी ०.०३. स्विच जुना प्लंजरचा, कूलंटमध्ये भिजलेला. सकाळी थंड असताना आणि दुपारी तापल्यावर एका जागी सुटणं त्याला शक्यच नाही. एखाद्या सकाळी तो केसभर उशिरा सुटतो, तोवर इंडेक्स निघून गेलेला असतो, आणि स्लाइड बिचारी पुढचा इंडेक्स शोधत अख्खा फेरा फिरून येते. शेजारचं घर ते हेच.

उपाय एका ॲलन कीचा. स्विच दाबणाऱ्या डॉगचे दोन बोल्ट सैल केले, डॉग अडीच मिमी सरकवला, म्हणजे इंडेक्स स्विचपासून अर्ध्या फेऱ्यावर आला. आता स्विचला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी चुकायची मुभा आहे. होमचा ऑफसेट नव्याने दिला, एक जॉब काढून मायक्रोमीटरने तपासला. वीस मिनिटं, खर्च शून्य. गेल्या आठ महिन्यांत एक्स एकदाही शेजारी गेलेला नाही. काढलेला जुना एन्कोडर मी ठेवला होता. परवा बेंचवर लावून बघितला, पल्स उत्तम देतोय. ते २८ हजार आठवले की अजून पोटात ढवळतं.

बाकी पटकन सांगतो. आटे फार सुंदर येतात, कारण झेड स्पिंडलच्या खऱ्या फिरण्यामागे चालतो. कटच्या लोडने स्पिंडल दबला तरी पिच बिघडत नाही. फॉलोइंग एररचा, म्हणजे अक्ष सांगितलेल्या जागेच्या मागे पडल्याचा, अलार्म उन्हाळ्यात दोनदा आला, दोन्ही वेळा स्लाइडला तेल पोचत नव्हतं. इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका, थेट रिलेतून ड्राइव्हची पॉवर तोडा. टचस्क्रीन घेऊन पस्तावलो. कूलंटच्या हाताने ती मामांचं ऐकत नाही, शेवटी सायकल स्टार्ट आणि फीड होल्डची दणकट बटणं वेगळी बसवली.

आणि आता माझं खरं दुखणं. जुना कंट्रोल मेन पाडून बंद व्हायचा. हा पीसी आहे, त्याला आधी निरोप द्यावा लागतो. चौथ्या महिन्यात तीन दिवस मशीन सलग चालू होतं, लिनक्ससीएनसी एकदाही बंद केलं नव्हतं. दुपारी लाइट गेली. परत आल्यावर होम केलं, सायकल स्टार्ट दिलं आणि टूल जॉब पकडणाऱ्या चकच्या दिशेने निघालं ते थांबेचना. मामांचा हात फीड होल्डवर होता म्हणून चकचे जॉ वाचले. जी५४ चा, म्हणजे जॉबच्या शून्याचा, झेड तीन दिवसांपूर्वीचा होता. कामाचे हे आकडे फाइलमध्ये उतरतात ते लिनक्ससीएनसी नीट बंद करताना. लाइट गेली की शेवटचं नीट बंद केलं तेव्हाचेच आकडे राहतात. हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. त्या रागात यूपीएस घेतला, ६,८०० रुपयांना. आता लाइट गेली की मामा आधी स्क्रीनवर लिनक्ससीएनसी बंद करतात आणि मग तंबाखूचा डबा काढतात.

म्हणजे बॅटरीने मेलेला कंट्रोल काढून मी बॅटरीवर जगणारा कंट्रोल बसवला. फरक एवढाच की आता पॅरामीटर फाइलीत आहेत, फाइल पेन ड्राइव्हवर आहे, पेन ड्राइव्ह घरच्या कपाटात आहे, आणि एक प्रत पुतण्याकडे.

कुणी करावं हे? ज्याचे ड्राइव्ह आणि मोटर चांगल्या आहेत आणि ज्याला रविवारी दुसरं काम नाही, त्याने. ज्याचं एकच मशीन आहे आणि त्यावर बँकेचा हप्ता चालतो, त्याने निदान दोन महिन्यांची सोय करून मगच पॅनेल उघडावं. मामांच्या त्या प्रश्नाचं उत्तरही मिळालंय: शेजारच्या शेडवाल्याने गेल्या महिन्यात असंच मशीन केलं, आणि बिघडलं की फोन मलाच येतो.

यूपीएसची नवी बॅटरी १,१५० ला आणली आहे. उद्या बुधवार. उद्याच बदलतो, लाइट चालू असताना.